'हॅलोवीन': आधीचे ९ भाग बाजूला ठेवून ४० वर्षांनी नवा सिक्वेल कसा बनला?

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत 'हॅलोवीन' नावाचा एक हॉरर सिनेमा रिलीज झाला. मालिकेतला हा अकरावा सिनेमा. पण कथेच्या हिशेबाने तो दुसरा भाग होता. १९७८ चा पहिला 'हॅलोवीन' खरा, आणि त्यानंतर ४० वर्षांत आलेले बाकीचे ९ सिनेमे घडलेच नाहीत, असं समजून तो लिहिला होता.

त्या ९ सिनेमांमध्ये नायिका लॉरी स्ट्रोड दोनदा मेली होती. खुनी मायकल मायर्स जळाला होता, त्याचं डोकंही उडवलं गेलं होतं. तो लॉरीचा सख्खा भाऊ निघाला होता, एका गुप्त पंथाचा मोहरा निघाला होता. २०१८ च्या सिनेमाने हे सगळं पुसून टाकलं. मजा म्हणजे प्रेक्षकांची तक्रार नव्हती. पहिल्या तीन दिवसांत एकट्या उत्तर अमेरिकेत सिनेमाने ७ कोटी ६० लाख डॉलरच्या वर गल्ला जमवला.

जुन्या हॉरर मालिकेचा नवा भाग काढताना भीती कशी वाढवायची हा प्रश्न नंतर येतो. आधी ठरवावं लागतं की मागचं काय ठेवायचं आणि काय टाकायचं. 'हॅलोवीन'च्या बाबतीत हे ठरवायला बरीच वर्षं गेली. त्यात हक्कांची भांडणं होती, एक बंद पडलेला सिनेमा होता, आणि बाजूला बसून मालिकेला नावं ठेवणारा तिचा मूळ दिग्दर्शकही होता.

(सूचना: पुढे या सिनेमांच्या कथेतले महत्त्वाचे प्रसंग आणि शेवट सांगितले आहेत.)

तीन लाख डॉलरचा सिनेमा

गोष्ट सुरू होते १९७८ ला. निर्माता आयर्विन याब्लान्सला बेबीसिटर मुलींच्या मागे लागलेल्या खुन्यावर सिनेमा हवा होता. बेबीसिटर म्हणजे शेजारच्यांची लहान मुलं संध्याकाळी सांभाळून चार पैसे मिळवणारी कॉलेज-शाळेतली मुलगी. अमेरिकेत घराघरात ओळखीची असणारी ही गोष्ट. सगळी कथा एकाच रात्रीत, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनच्या रात्री घडवायची, ही कल्पनाही याब्लान्सचीच.

पैसे घातले मुस्तफा अक्कड यांनी. अक्कड मूळचे सीरियातल्या अलेप्पोचे. प्रेषित मोहम्मद यांच्या काळावरचा 'द मेसेज' (१९७६) त्यांनीच दिग्दर्शित केला होता. त्यांनी 'हॅलोवीन'साठी साधारण ३ लाख डॉलर दिले. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम तेव्हाही किरकोळच होती.

दिग्दर्शक जॉन कारपेंटर तेव्हा तिशीत होता. दिग्दर्शन, लेखन आणि संगीत या तिन्हींसाठी त्याने १० हजार डॉलर घेतले, वर नफ्यात वाटा. शिवाय सिनेमाच्या नावाच्या वर त्याचं नाव हवं, अशी अट होती. पटकथा त्याने आणि डेब्रा हिलने मिळून लिहिली. कथेतलं हॅडनफिल्ड हे गाव इलिनॉय राज्यात दाखवलंय, पण ते नाव आलं न्यू जर्सीमधल्या हिलच्या स्वतःच्या गावावरून.

शूटिंग झालं कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. कथा शिशिरातली, म्हणून रस्त्यावर सुकलेली पानं हवीत. मग रंगवलेली पानं पोत्यात भरून आणायची, रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. नीट बघितलं तर मागे हिरवीगार झाडं दिसतात.

मुखवट्याची गोष्ट तर सिनेप्रेमींना तोंडपाठ आहे. कला दिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने हॉलिवूडमधल्या जादूच्या सामानाच्या दुकानातून दोन डॉलरपेक्षाही कमी पैशांत एक रबरी मुखवटा आणला. तो होता 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे अभिनेता विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा. वॉलेसने त्याचे कल्ले आणि भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि पांढरा स्प्रे मारला. ओळखीचा चेहरा अचानक कुणाचाच राहिला नाही.

तो मुखवटा घातला निक कॅसलने. तो कारपेंटरचा कॉलेजमधला दोस्त. त्याला दिवसाला २५ डॉलर मिळाले. लॉरीच्या भूमिकेत १९ वर्षांची जेमी ली कर्टिस होती, तिला ८ हजार. तिची आई जॅनेट ली, म्हणजे हिचकॉकच्या 'सायको'मधल्या बाथरूमच्या प्रसंगातली अभिनेत्री. मायकलच्या मागावर असलेल्या डॉक्टर लूमिसचं काम ब्रिटिश अभिनेता डोनाल्ड प्लेझन्सने केलं. सगळ्यात जास्त पैसे त्याला होते, कामाचे दिवस मात्र पाच.

सिनेमाने जगभरात सुमारे ७ कोटी डॉलर कमावले. २००६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या सिनेमांच्या यादीत त्याचा समावेश केला.

या सगळ्यात कथा मात्र दोन ओळींची आहे. सहा वर्षांचा मायकल १९६३ च्या हॅलोवीनला थोरल्या बहिणीला भोसकतो. १५ वर्षांनी मनोरुग्णालयातून पळतो, गावी परत येतो, आणि लॉरी नावाच्या मुलीच्या मागे लागतो. का? सिनेमा सांगत नाही. लॉरी त्याच्या घराच्या दारात एक किल्ली ठेवायला जाते, तो आतून बघतो, एवढंच. शेवटी लूमिस त्याला सहा गोळ्या घालतो, तो गॅलरीतून खाली पडतो, आणि खाली बघावं तर जागा रिकामी.

बहीण आली आणि घोळ झाला

पहिला सिनेमा एवढा चालल्यावर दुसरा येणारच होता. १९८१ च्या 'हॅलोवीन २'चं दिग्दर्शन कारपेंटरने केलं नाही, पण पटकथा त्याने आणि हिलने लिहिली. कथा त्याच रात्री पुढे सरकते, हॉस्पिटलमध्ये. लिहिताना कारपेंटर अडकला. सांगण्यासारखं आता काही उरलेलंच नाही, असं त्याला वाटत होतं. त्याने नंतर मुलाखतींमध्ये मोकळेपणाने सांगितलंय की ती पटकथा त्याने रात्री बिअर पीत रेटली. त्यातूनच निघालं ते वळण: लॉरी ही मायकलची बहीण आहे.

त्याच सुमारास पहिला सिनेमा टीव्हीवर दाखवायचा होता आणि वेळ भरायला काही मिनिटं कमी पडत होती. म्हणून काही नवे प्रसंग चित्रित झाले. त्यातल्या एका प्रसंगात मायकलच्या खोलीच्या दारावर 'सिस्टर' असं खरवडलेलं दिसतं. म्हणजे दुसऱ्या भागातला जुगाड मागे जाऊन पहिल्या भागातही चिकटवला गेला.

वरवर बघता हे वळण सोयीचं होतं. मायकल लॉरीच्याच मागे का, याला उत्तर मिळालं. पण उत्तर मिळाल्यावर मालिकेतली मूळ भीती गेली. कुठल्याही गल्लीतल्या, कुठल्याही मुलीच्या दारात तो उभा राहू शकतो, ही ती भीती. आता तो फक्त एका कुटुंबाचा प्रश्न झाला. तुमचं आडनाव वेगळं असेल तर तुम्ही निवांत झोपा.

पुढची वीस वर्षं लेखक या एका नात्याचा गुंता सोडवत बसले. तिसऱ्या भागात (१९८२) तर मायकलच नाही. दरवर्षी हॅलोवीनची एक वेगळी कथा आणायची असा विचार होता. प्रेक्षक चिडले. आज त्याच सिनेमाचे चाहते आहेत, ही वेगळी गोष्ट. १९८८ च्या चौथ्या भागात मायकल परत आला, पण कर्टिस नव्हती. मग लॉरी अपघातात गेली असं सांगून तिच्या छोट्या मुलीला पुढे केलं. पाचवा भाग १९८९ ला, सहावा १९९५ ला. सहाव्यात गुप्त पंथ आणि शापाचा मामला आला. डोनाल्ड प्लेझन्सचं फेब्रुवारी १९९५ मध्ये निधन झालं होतं, सिनेमा त्यानंतर आला.

१९९८ मध्ये कर्टिस स्वतः परतली. पहिल्या सिनेमाला २० वर्षं होत होती, म्हणून 'हॅलोवीन एच२०'. या सिनेमाने चार, पाच आणि सहा हे भाग गाळले. म्हणजे पुसण्याचा हा प्रयोग २०१८ मध्ये पहिल्यांदा झाला नव्हता. शेवटी लॉरी कुऱ्हाडीने मायकलचं डोकं उडवते. कर्टिसला हेच हवं होतं, पक्का शेवट.

पण निर्माता अक्कड यांची अट होती की मायकल मरता कामा नये. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, सोन्याचं अंडं देणारी कोंबडी कोण कापेल? मग पडद्यामागे तोडगा निघाला. २००२ च्या 'हॅलोवीन: रिझरेक्शन'मध्ये सांगितलं गेलं की डोकं उडालं ते मायकलचं नव्हतंच. मायकलने आपला मुखवटा एका ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्याला चढवला होता. म्हणजे लॉरीने एका निरपराध माणसाला मारलं होतं. त्याच सिनेमात सुरुवातीलाच लॉरी मरते, आणि उरलेला सिनेमा इंटरनेटवरच्या रिॲलिटी शोबद्दल आहे. ज्या बाईने २० वर्षं वाट बघून सूड घेतला, तिचा एवढा अपमान या मालिकेत दुसरा कुणी केला नसेल.

२००७ आणि २००९ ला रॉब झॉम्बीने सगळं पहिल्यापासून नव्याने सांगितलं. मायकलचं बालपण, घरातली हिंसा, सगळं. म्हणजे 'का?'चं उत्तर आणखी लांबलचक झालं.

हक्क कुणाचे?

नोव्हेंबर २००५ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान इथे हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यात मुस्तफा अक्कड आणि त्यांची मुलगी रिमा यांचा मृत्यू झाला. मालिकेची सूत्रं मुलगा मलेक अक्कडकडे आली. तेव्हा सिनेमे काढायचे हक्क डायमेन्शन फिल्म्सकडे होते. ही कंपनी वाइनस्टाइन भावांची.

हॉलिवूडमध्ये असे हक्क बहुतेकदा मुदतीचे असतात. ठरावीक वेळेत सिनेमा काढला नाही तर ते मूळ मालकाकडे परत जातात. म्हणूनच कधी कधी कुणालाच नको असलेला सिक्वेलही घाईत निघतो. डायमेन्शनने २०१५ मध्ये 'हॅलोवीन रिटर्न्स' नावाचा सिनेमा ठरवला होता, पण तो उभा राहिला नाही आणि हक्क हातचे गेले.

२०१६ मध्ये मिरामॅक्स आणि ब्लमहाउस या कंपन्या पुढे आल्या. ब्लमहाउसचा मालक जेसन ब्लम याचं गणित साधं आहे. बजेट लहान ठेवायचं, दिग्दर्शकाला मोकळीक द्यायची, सिनेमा चालला तर सगळ्यांनी वाटून खायचं. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' मालिका याच गणिताने चालली. 'गेट आउट' (२०१७) सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये बनला आणि ऑस्करपर्यंत गेला.

ब्लमची पहिली अट होती जॉन कारपेंटर. त्याच्याशिवाय आपण हे करणार नाही, असं तो सांगत होता. कारपेंटर तिसऱ्या भागानंतर मालिकेपासून लांब होता आणि पुढच्या भागांबद्दल फारसं बरं बोलत नव्हता. ब्लमचं म्हणणं असं की सिनेमा तर तुझ्याशिवायही निघेल, मग बाहेरून बोलण्यापेक्षा आत येऊन तो चांगला व्हायला मदत का करत नाहीस? कारपेंटर तयार झाला. कार्यकारी निर्माता, सल्लागार, आणि पुढे संगीतकार.

कॉमेडीवाल्यांना हॉरर दिला

फेब्रुवारी २०१७ मध्ये कारपेंटरने फेसबुकवर जाहीर केलं की नवा सिनेमा डेव्हिड गॉर्डन ग्रीन दिग्दर्शित करेल आणि तो डॅनी मॅकब्राइडसोबत लिहील. अनेकांनी कपाळाला हात लावला. मॅकब्राइड म्हणजे विनोदी अभिनेता. ग्रीनने छोटे गंभीर सिनेमे केले होते, पण 'पाइनॲपल एक्सप्रेस'सारखी धमाल कॉमेडीही त्याच्या नावावर होती. हॉरर एकही नाही. तिसरा लेखक होता जेफ फ्रॅडली.

या तिघांनी सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कागदावरच घेतला. बहीण-भाऊ नातं रद्द. आणि ते रद्द केलं की 'हॅलोवीन २' रद्द, आणि तो गेला की त्यावर उभे असलेले सगळे मजले आपोआप खाली येतात. उरतो फक्त १९७८. गंमत म्हणजे हा निर्णय त्यांनी सिनेमातच एका वाक्यात उरकला. लॉरीच्या नातीचा मित्र विचारतो, तो तुझ्या आजीचा भाऊ होता ना? ती सांगते, नाही, ते लोकांनी रचलेलं आहे. ३७ वर्षांचा घोळ असा चालता चालता मिटवला. जुन्या चाहत्यांना हसू आलं, नव्या प्रेक्षकाला काही अडलं नाही.

सगळंच मात्र इतक्या सहज सुटलं नाही. १९७८ च्या सिनेमाच्या शेवटी मायकल गायब होतो, नव्या कथेत तो ४० वर्षं कोठडीत आहे. मधला दुवा कसा जोडायचा? सुरुवातीला जुना शेवट नव्याने चित्रित करून त्यात डॉक्टर लूमिसचा मृत्यू दाखवायचा विचार होता. तो सोडून दिला. मायकलला त्याच रात्री पकडलं, एवढं बोलण्यातून सांगून टाकलं. लूमिसचा फक्त आवाज टेपवर ऐकू येतो, तोही प्लेझन्सची नक्कल करणाऱ्या कलाकाराचा. लागोपाठ दोन सिनेमे एकदम शूट करायचे, ही योजनाही होती. आधी एक तरी चालतो का बघू, म्हणून तीही बाजूला ठेवली.

लॉरी परत कशी आली?

कर्टिसला पुन्हा विचारायचं धाडस कोण करणार? 'एच२०'मध्ये तिने शेवट केला होता आणि 'रिझरेक्शन'ने तो पाण्यात घातला होता. हा निरोप पोचवला अभिनेता जेक जिलेनहालने. तो कर्टिसचा गॉडसन म्हणून ओळखला जातो. ग्रीनसोबत 'स्ट्रॉंगर' हा सिनेमा त्याने नुकताच केला होता. बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटात पाय गमावलेल्या माणसाची ती खरी गोष्ट. जिलेनहालने तिला फोन करून ग्रीनसोबत काम करण्याचा आग्रह केला. सप्टेंबर २०१७ मध्ये ती येणार हे जाहीर झालं.

पटकथेतली लॉरी आता आजी आहे. गावाबाहेर कुंपण घातलेल्या घरात एकटी राहते. घरात बंदुका, दिवे, कुलपं. दोन लग्नं मोडली आहेत. मुलगी कॅरनला (जुडी ग्रीर) लहानपणापासून तिने गोळी चालवायला आणि लपायला शिकवलं. इतकं की सरकारी यंत्रणेने ती मुलगी तिच्याकडून काढून घेतली. नात ॲलिसन (अँडी मॅटिचाक) आजीवर जीव लावते, पण गाव तिला वेडी समजतं.

सिक्वेलचं खरं बळ इथे आहे. आधीच्या भागांनी मायकलचं काय झालं हे सांगितलं. या भागाने लॉरीचं काय झालं हे विचारलं. एका रात्रीचा धक्का तीन पिढ्यांमध्ये कसा झिरपतो, हा सिनेमाचा विषय झाला. मायकलचं कोडं उलगडू बघणारे दोन ब्रिटिश पॉडकास्टर लॉरीकडे येतात आणि पैसे देऊन तिची कहाणी विकत घेऊ पाहतात. खुन्याबद्दल कुतूहल आणि वाचलेल्या बाईकडून एक 'कंटेंट' हवा, ही आजची सवय सिनेमाने बरोबर पकडली आहे. ते दोघं जास्त वेळ जगत नाहीत.

आणि वेळ कशी जुळून आली बघा. कर्टिसचं नाव जाहीर झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात हार्वी वाइनस्टाइनवरचे आरोप बाहेर आले आणि मीटू चळवळ जगभर पसरली. त्याच्या भावाची डायमेन्शन कंपनी २० वर्षं ही मालिका चालवत होती. पटकथा त्याआधीची, पण छळातून वाचलेल्या आणि कुणी विश्वास न ठेवलेल्या बाईची गोष्ट लोकांनी त्या संदर्भात बघितली. कर्टिसनेही प्रसिद्धीच्या काळात हा धागा वारंवार पुढे आणला.

चार्ल्सटनचा हिवाळा

शूटिंग जानेवारी २०१८ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला सुरू झालं आणि फेब्रुवारीत संपलंही. ग्रीन आणि मॅकब्राइडचा मुक्काम त्याच शहरात. बजेट १ ते दीड कोटी डॉलरच्या घरात. १९७८ शी तुलना केली तर बरंच, पण हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमात एवढ्याला एक पाठलाग होतो.

मुखवट्यावर मात्र खूप विचार झाला. सिनेमात तो तोच मुखवटा आहे, पुराव्यात ४० वर्षं पडून राहिलेला. मेकअप आर्टिस्ट क्रिस्टोफर नेल्सन ('सुइसाइड स्क्वॉड'साठी ऑस्कर मिळालेला) आणि व्हिन्सेंट व्हॅन डाइक यांनी तो घडवला. जुना तसाच्या तसा करून चालणार नव्हतं. रबर इतक्या वर्षांत वाळतं, आकसतं, सुरकुततं. मुखवट्यालाही वय द्यावं लागलं. पडद्यावर तो एखाद्या म्हाताऱ्याच्या कातडीसारखा दिसतो, आणि आतला माणूसही म्हाताराच आहे.

तो आतला माणूस बहुतेक वेळ जेम्स ज्यूड कोर्टनी आहे, साठी ओलांडलेला स्टंटमन. पण एका प्रसंगात मुखवट्याखाली पुन्हा निक कॅसल आला. तोच तो २५ डॉलर रोजावाला. मधल्या काळात तो स्वतः दिग्दर्शक झाला होता, 'द लास्ट स्टारफायटर' त्याचाच. ४० वर्षांनी लॉरी पहिल्यांदा मायकलला बघते आणि आरशातल्या प्रतिमेवर गोळी झाडते, त्या प्रसंगात तो आहे. मुखवट्यामागचा श्वासही त्याचाच रेकॉर्ड केला.

जुन्या सिनेमाला सलाम करणारे प्रसंग पुष्कळ आहेत, पण ग्रीनने ते उलटे करून वापरले. पहिल्या भागात लॉरी वर्गात बसलेली असते आणि खिडकीबाहेर मायकल दिसतो. इथे नात वर्गात बसलेली असते आणि बाहेर आजी उभी. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज पी. जे. सोल्सचा, जिच्या पात्राला मायकलने १९७८ मध्ये मारलं होतं. शेवटाकडे गॅलरीतून मायकल नाही, लॉरी पडते. मायकल वाकून बघतो तर खाली कुणी नाही. थिएटरमध्ये टाळ्या पडल्या त्या या ठिकाणी.

एक प्रसंग मात्र उसना नाही आणि तोच सगळ्यात जास्त घाबरवतो. हॅलोवीनच्या रात्री मुलं रस्त्यावर मिठाई मागत फिरतायत. मायकल त्यांच्यातून चालत एका घरात शिरतो, बाहेर पडतो, दुसऱ्या घरात शिरतो. कॅमेरा न तुटता त्याच्या मागे. ज्यांना तो मारतो त्यांचा लॉरीशी काही संबंध नाही. बहीण-भाऊ नातं का काढलं, याचं उत्तर या एका शॉटमध्ये मिळतं.

कर्टिसच्या शूटिंगची शेवटची रात्र. मायकलला दुसऱ्या तुरुंगात नेणारी बस निघतेय आणि लॉरी लांब गाडीत एकटी बसून बघतेय, असा प्रसंग. कर्टिस सेटवर आली तेव्हा सगळी टीम शांत उभी होती आणि प्रत्येकाच्या छातीवर लॉरी स्ट्रोडच्या नावाचा बिल्ला होता. हा किस्सा सांगताना ती मुलाखतींमध्ये रडली आहे.

जूनमध्ये काही भाग पुन्हा चित्रित झाला. मग संगीत. १९७८ ची ती धून कारपेंटरने पाच मात्रांच्या लयीत बांधली होती. ती लय त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेली, वडील संगीताचे प्राध्यापक. जुन्या सिनेमाचं सगळं संगीत तीन दिवसांत झालं होतं. यावेळी त्याच्यासोबत मुलगा कोडी आणि गॉडसन डॅनियल डेव्हिस होते. धून तीच, पण खाली भारदस्त बास आणि गिटार. नावं पडतात तेव्हा पडद्यावर एक सडलेला, बसलेला भोपळा हळूहळू फुगून पुन्हा ताजा होतो. सडणाऱ्या भोपळ्याचं चित्रीकरण उलटं चालवलंय. मालिकेबद्दल काय म्हणायचंय ते तिथेच कळतं.

मग पुढचे दोन आले

सप्टेंबर २०१८ मध्ये टोरांटो महोत्सवात सिनेमा दाखवला गेला आणि १९ ऑक्टोबरला रिलीज झाला. जगभरातली कमाई २५ कोटी डॉलरच्या वर गेली. सिनेमा लागला तेव्हा कर्टिस ५९ वर्षांची होती.

सगळंच जमलं होतं असं नाही. लूमिसची जागा घेणारा डॉक्टर सार्टेन मधेच जे वळण घेतो ते पचत नाही. आणि शेवट. लॉरी, मुलगी आणि नात मिळून मायकलला तळघरात कोंडतात आणि घर पेटवून देतात. तळघर हा आसरा नव्हता, सापळा होता. इतका नेमका शेवट मालिकेच्या वाट्याला क्वचितच आला असेल. पण आकडे बघितल्यावर तो शेवट राहणार नाही हे उघड होतं.

'हॅलोवीन किल्स' २०२० मध्ये येणार होता, कोविडमुळे तो ऑक्टोबर २०२१ मध्ये थिएटर आणि पीकॉक या ओटीटीवर एकाच वेळी आला. मायकल आगीतून वाचलेला, लॉरी हॉस्पिटलमध्ये पडून. १९८१ चीच परिस्थिती पुन्हा, आणि अडचणही तीच. कमाई १३ कोटी डॉलरच्या आसपास. 'हॅलोवीन एंड्स' (ऑक्टोबर २०२२) त्याहून खाली, साधारण साडेदहा कोटी. त्यात बराच वेळ मायकल बाजूलाच आहे आणि कोरी नावाचा नवा तरुण त्याच्या वाटेने जातो. चाहते १९८२ सारखेच चिडले. शेवटी मायकलला सगळ्या गावासमोर भंगार तोडायच्या यंत्रात टाकलं जातं, बहुधा यावेळी कुणी शंका काढू नये म्हणून.

कर्टिसने लॉरीला निरोप दिला. पुढच्याच मार्चमध्ये तिला 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'साठी ऑस्कर मिळाला, तो मात्र भीतीपटासाठी नव्हता. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये 'हॅलोवीन'वर टीव्ही मालिका काढायचे हक्क मिरामॅक्सने घेतले. करार मलेक अक्कडच्या ट्रान्कास कंपनीसोबत झाला.